दिवाळीची सही

कागद म्हणत होता, नागनाथ मडिखांबेनं स्वतःहून काम सोडलं. घरगुती कारणामुळं सोडलं, असंही त्यात छापलेलं होतं. हे घरगुती कारण कोणतं, ते त्याच्या घरात मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली नागनाथची सही होती, मोठी, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली झोकदार रेघ ओढलेली. या सहीचा त्याला फार अभिमान. दहावीपर्यंत शिकून एवढी एकच गोष्ट नीट जमली, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात ही रीतच होती. दिवाळीच्या आधी प्रत्येकानं राजीनामा द्यायचा, वर्षाचा हिशोब आणि बोनस घ्यायचा, मिठाईचा डबा आणि टॉवेलची जोडी घ्यायची, आणि त्याच टेबलावर दुसऱ्या कागदावर नव्यानं कामाला लागण्याचा अर्ज करायचा. पाडवा झाला की सगळे पुन्हा आपापल्या मागावर. कुणाचीच नोकरी जुनी होऊ नये म्हणून शेठचा हा खटाटोप चाले. कामगारांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या लेखी ती दिवाळीची सही. पोरं फटाक्यांची वाट बघायची आणि आया सहीची.

या सह्या गोळा करायचं काम नागनाथकडं असे. तो जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. खिशात नटबोल्टचे पाने, कोपरापर्यंत ग्रीस, आणि सगळ्या खात्यांत वावर. मॅनेजर सिद्धलिंग त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा द्यायचा आणि हा खात्याखात्यातून फिरून सह्या आणायचा. कामगार आपला माणूस म्हणून सही करायचे, आणि मॅनेजर आपला माणूस म्हणून गठ्ठा द्यायचा. दोन्हीकडचा माणूस असण्यात त्याला मोठेपणा वाटायचा. वाटणारच. त्याचा बाप गावातल्या जमीनमालकांकडं सालगडी म्हणून राबला होता, आणि मडिखांब्यांच्या घरातून कारखान्याच्या मॅनेजरसमोर खुर्चीत बसणारा हा पहिलाच.

यंदाच्या गठ्ठ्यात दुसरा कागद नव्हता. नुसते राजीनामे. नागनाथच्या ते लगेच लक्षात आलं. विचारायला म्हणून तो ऑफिसच्या दारापर्यंत गेलाही. सिद्धलिंग फोनवर बोलत होता. नागनाथ थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. पाडव्यानंतर देत असतील, असं त्यानं मनाला सांगितलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर वाकडा प्रश्न विचारून वाईट कोण होईल?

शिलाई खात्यात गुलबानो होती. नागनाथच्याच गावची, टॉवेलच्या कडा शिवायची. तिचा नवरा नबीसाब पूर्वी मागावर होता, सूत छातीत जाऊन खोकल्यानं घरी बसलेला. तिनं कागद उलटून पाहिला.

"नागूभाऊ, यंदा एकच कागद?"

"दिवाळीची सही हाय की. त्यात काय न्हाय, कर."

तिनं केली. तिच्यामागं सगळ्या बायांनी केली. पाडव्यानंतर कामगार गेटवर गेले तर गेटला कुलूप, आणि आत ट्रकवर माग चढवणं चाललेलं.

चांगुणा, नागनाथची बायको, ही गोष्ट ऐकून आधी रडली, मग कामाला लागली. त्या दिवसांत शिवारात कांदा निघत होता. गावातल्या बायांची टोळी सकाळीच निघायची, उपटलेल्या कांद्याच्या ढिगापुढं ओळीनं बसायची आणि विळ्यानं पात कापत दिवसभर पुढं सरकत राहायची. थंडीत सुरुवातीला बोटं वळत नसत, नंतर कांद्याच्या रसानं ती चिरायची. संध्याकाळी भाकरी थापताना चांगुणा पिठात हात घातला की डोळे मिटून घ्यायची. तिच्या अंगाचा कांद्याचा वास गोधडीलाही लागला होता. आधी रविवारी, मग आठवड्यातले दोनतीन दिवस मुलगी प्रतिक्षाही तिच्याबरोबर जायला लागली. प्रतिक्षा बारावीला होती. कॉलेजातून मैत्रिणींचे फोन यायचे, ती उचलायची नाही.

नागनाथ मात्र बसून होता. सोलापुरात चारदोन कारखान्यांत त्यानं चक्कर मारली. जुने कामगार बाहेर आणि नवे माग आत, अशी सगळीकडं हवा. शेवटी चांगुणाच एक दिवस त्याच्याकडं नुसती बघून निघून गेली, आणि तो उठून वीरभद्रप्पाच्या वावरात कांद्याची पोती उचलायला गेला. याच वीरभद्रप्पाच्या बापाकडं नागनाथचा बाप राबलेला. माणूस वाईट नव्हता, पण जीभ हातात नव्हती. दहा जणांत हाक मारायचा, "बा बा, या की जॉबर साहेब! पोत्याला ग्रीस लावू का, हलकं जाईल?" लोक हसायचे. नागनाथही हसायचा. पोतं पाठीवर घेतलं की मान खाली जाते, तेवढीच सोय.

अशात गुलबानोनं बातमी आणली. नबीसाबच्या औषधासाठी ती कामगार विम्याच्या दवाखान्यात गेली होती. तिथल्या सिस्टरनं सांगितलं की ज्यांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते, त्यांची नोकरी गेली तर तीन महिने निम्म्या पगाराएवढी मदत मिळते. कारखान्यातून काढल्याचं तेवढं दाखवायचं. ही बातमी गावातल्या त्या कारखान्याच्या माणसांत वणव्यासारखी पसरली. तीन महिने! प्रतिक्षा परीक्षेपर्यंत कॉलेजला जाईल, चांगुणानं लगेच हिशोब मांडला. नागनाथनं बऱ्याच दिवसांनी दाढी केली.

सगळे मिळून टमटम करून विम्याच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा क्लार्क सज्जन होता. त्यानं सगळ्यांचे नंबर कॉम्प्युटरवर पाहिले आणि चष्मा काढला. कारखान्यानं तुमच्या नावापुढं राजीनामा लिहिलाय, म्हणाला. काढलेल्या माणसाला मदत असते, स्वतः सोडणाऱ्याला नसते. फसवून सही घेतली असेल तर कामगार अधिकाऱ्यांकडं अर्ज करा, त्यांनी लिहून दिलं तर आमचं काही म्हणणं नाही. एवढं सांगून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

 परतताना टमटममध्ये प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं ती सही होती, आणि सही घेणारा तर गुडघ्याला गुडघा लावून समोरच बसलेला. नागनाथ बाहेर पळणाऱ्या बाभळी बघत राहिला.

गावात शब्द फुटायला वेळ लागत नाही. जॉबरला ठाऊक होतं, शेठनं त्याला वेगळं पाकीट दिलं, अशी कुजबुज सुरू झाली. पाकिटाचं खोटं होतं. बाकीचं नागनाथ एकटाच जाणून होता.

कांद्याच्या ओळीत चांगुणाच्या शेजारी बाया बसेनाशा झाल्या. ती बसली की शेजारची आपलं पोतं उचलून पलीकडं जायची. तिच्या तांब्यातलं पाणी कुणी मागेना. तिनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं विळा मातीत रोवला आणि उभी राहिली.

"काय बोलायचं ते तोंडावर बोला. माझ्या मालकास्नी काय बी म्हाईत नव्हतं. त्यांनी बी तीच सही केलीया, त्यांचं बी पोट मारलंय."

"तुला काय ठावं?" ओळीच्या टोकाची अक्कम्मा म्हणाली.

"माझ्या प्रतिक्षाची आन. म्हाईत असतं तर मला सांगितलं असतं."

लेकीचं नाव घेतल्यावर बाया गप्प झाल्या. प्रतिक्षा तिथंच होती, खाली मान घालून पात कापत होती. आणि थोड्या वेळानं गुलबानो उठली, आपलं पोतं ओढत आणून चांगुणाच्या शेजारी बसली. तेवढ्यानं चांगुणाचा ऊर भरून आला. ती संध्याकाळी घरी हसत आली आणि हे सगळं तिनं नवऱ्याला भाकरी वाढता वाढता सांगितलं.  आता सांगावं, असं नागनाथच्या अगदी ओठांवर आलं. पण इतक्या दिवसांनी हसलेलं बायकोचं तोंड त्याला घालवायचं नव्हतं. माणूस असाच एकेक दिवस पुढं ढकलत जातो आणि खड्डा खोल होत जातो.

कामगार अधिकाऱ्यांकडं अर्ज गेला. तारीख मिळाली. तारखेच्या आधी दोन दिवस सिद्धलिंग मोटारसायकलवर गावात आला आणि नागनाथला वस्तीबाहेरच्या पुलावर बोलावून घेतलं. त्यानं धमकी वगैरे काही दिली नाही. उलट पाठीवर हात ठेवला. पुण्याच्या रोडला शेठचं नवं युनिट चालू होतंय, म्हणाला. नवे माग आलेत. शेठ म्हणतात जॉबर आपला जुनाच हवा, मडिखांबे हवा. तू फक्त जे खरं ते सांग, की दरवर्षीसारख्या सह्या झाल्या, कुणाला काही वेगळं वाटलं नाही, तुलाही नाही.

"आन् बाकीची मानसं?" नागनाथनं विचारलं.

"त्यांचं बघू पुढं. आधी तुझं बघ की."

 सिद्धलिंग गेल्यावर नागनाथ पुलाच्या कठड्यावर बसून राहिला. त्याला स्वतःची शरम वाटत होती, पण तिच्याखाली आनंदही होता, हे त्याला कळत होतं. पुन्हा हातात पाना, पुन्हा मागांचा आवाज, पाठीवर पोतं नाही, 'जॉबर साहेब' म्हणून हसणारं कुणी नाही. आणि बोलायचं काय, तर फक्त 'मला ठाऊक नव्हतं'. बायकोनं तर आधीच आन घेऊन तेच सांगितलं होतं.

तारखेच्या दिवशी कामगार कार्यालयाच्या व्हरांड्यात सगळे दाटीवाटीनं उभे होते. गुलबानोनं इस्त्रीची ओढणी घेतली होती. ती नागनाथजवळ आली आणि हळूच म्हणाली, "नागूभाऊ, माझ्या मनात तुमच्याबद्दल लई वाईट आलं होतं. माफ करा. चांगुणानं लेकीची आन घेतली, तवा माझ्या जीवाला पटलं. आई लेकीवर खोटं बोलत न्हाय."

नागनाथ भिंतीवरचा पंखा बघत राहिला.

कामगार अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. समोर एका बाजूला सिद्धलिंग, दुसऱ्या बाजूला कामगार. सिद्धलिंगनं आपलं म्हणणं गोड आवाजात मांडलं. हे लोक दरवर्षी राजीनामा देतात, दरवर्षी पुन्हा अर्ज करतात. यंदा कुणी अर्ज केला नाही, तर त्याला कारखाना काय करणार? सक्ती नाही, फसवणूक नाही. सह्या घेणारा माणूस कामगारांमधलाच.

बाईंनी गुलबानोला विचारलं, सही करताना तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं?

"दिवाळीची सही आहे, त्यात काय नाही, असं सांगितलं."

"कुणी?"

 गुलबानोनं नागनाथकडं पाहिलं. मग म्हणाली, "यांनी. पण यांचा काय दोष नाही, मॅडम. यांना पण ठाऊक नव्हतं. यांच्या घरवालीनं लेकीची आन खाल्ली हाय."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या सावकाश बोलल्या, जणू त्यांनाच ते सांगणं जड जात होतं. सांगणाऱ्यालाही ठाऊक नसेल आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसेल, तर फसवलं कुणी? मग हे दरवर्षीसारखंच झालं, सगळ्यांनी आपण होऊन सह्या केल्या असंच मला लिहावं लागेल. कारखान्याच्या माणसानं जाणूनबुजून लपवलं, असं असेल तरच वेगळं.

गुलबानोला ते पुरतं कळलं नाही. आपण खरं बोललो, चांगलं बोललो, एवढंच तिच्या तोंडावर होतं. आपण आपल्याच हातानं आपला घास ढकललाय, हे तिला अजून कळायचं होतं. सिद्धलिंगनं मान हलवली आणि नागनाथकडं पाहिलं, पुलावर पाहिलं होतं तसंच, मायेनं.

 नागनाथला गप्पच बसायचं होतं. काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेवढं त्याच्यानं होईना. ही बाई त्याच्या बायकोच्या शब्दावर विसंबून त्याला वाचवत होती आणि स्वतः बुडत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "मला म्हाईत हुतं."

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"दर साली दोन कागद असत्यात. यंदा दुसरा नव्हता. मी बगितलं. इचारायला ऑफिसच्या दारात गेलो आन् न इचारता माघारी आलो. हिनं मला इचारलं बी, एकच कागद कसा म्हणून. मीच म्हणलं, त्यात काय न्हाय. मॅनेजर साहेबांनी गठ्ठा दिला हुता, त्यांचं काम म्हणून मी सह्या घेतल्या."

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. खाली सही करायला सांगितली. नागनाथनं सही केली. रेघ ओढायला तो विसरला.

मग बाईंनी निर्णय सांगितला. कारखान्याच्या वतीनं सह्या घेणाऱ्यानं माहिती लपवली, तेव्हा हे राजीनामे मनानं दिलेले नाहीत, या लोकांना कामावरून कमीच केलंय, असं त्या विम्याच्या ऑफिसला कळवणार होत्या. बायांना ते समजायला क्षणभर वेळ लागला. एकीनं डोळ्यांना पदर लावला. नागनाथ अजून उभाच होता.

"तुमचं मात्र मला तसं लिहिता येणार नाही," बाई त्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तुम्ही वाचून, जाणून सही केलीत. तुम्हाला कुणी फसवलं?"

 सिद्धलिंग नागनाथकडं न बघता फाईल उचलून बाहेर पडला. व्हरांड्यात कामगारांनी नागनाथला वाट करून दिली, जरा जास्तच वाट. कुणी शिवी दिली नाही, कुणी हातही धरला नाही. गुलबानो खांबाला टेकून उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि तिनं तोंड फिरवलं. तो टमटमकडं न जाता एसटी स्टँडकडं चालत निघाला.

घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. चांगुणा त्या दिवशी कामाला गेली नव्हती, वाट बघत उंबऱ्यातच बसली होती. प्रतिक्षा आत पुस्तक घेऊन बसलेली, आईनंच बसवलेली. चांगुणानं त्याला पाणी दिलं.

"झालं का?"

"झालं. समद्यास्नी मिळंल."

तिचा चेहरा उजळला. "आन् आपल्याला?"

मग त्यानं सांगितलं. जमिनीकडं बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ऑफिसचं दार, गुलबानोचा प्रश्न, पुलावरचं बोलणंसुद्धा. आत पुस्तकाची पानं वाजायची थांबली होती.  चांगुणानं रिकामा तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला आणि तो तिथंच जमिनीवर ठेवला.

"मला का न्हाय सांगितलं?" ती म्हणाली.

"भ्या वाटलं."

"कुणाचं? शेठचं?"

"तुझं."

चांगुणा त्याच्याकडं बघत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं, असं नागनाथला वाटलं. तिला राग नव्हता आला. तिला लाज वाटत होती, आणि ती त्याची नव्हती, स्वतःची होती. साऱ्या ओळीपुढं उभं राहून ती ज्या माणसासाठी बोलली, तो माणूस तिच्या घरात कधी नव्हताच.

"लेकीचं नाव घेतलं मी," एवढंच ती म्हणाली आणि चुलीपुढं गेली. त्याला वाढलं, प्रतिक्षाला वाढलं. स्वतः जेवली नाही.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. प्रतिक्षा विळा घेऊन निघाली तेव्हा तिनं तिला थांबवलं. आज मी एकटीच जाते, म्हणाली, तू यायचं न्हाय. माझी आन खोटी पडली, ते माझ्या तोंडानं बायांस्नी सांगाया पायजे, आन् तू ते ऐकायचं न्हाय.

"मी येऊ का?" नागनाथनं विचारलं.

 डोक्याला फडकं बांधून ती चालायला लागली. तो चपला घालून तिच्या मागं निघाला. बुद्धविहारापुढून, आडावरून, वस्तीच्या टोकापर्यंत गेला. पलीकडं वीरभद्रप्पाच्या वावरात बाया आधीच ओळीनं बसल्या होत्या आणि त्यांनी माना वर केल्या. चांगुणा न थांबता बांध ओलांडून त्यांच्याकडं गेली. नागनाथ बाभळीखाली थांबला. आणखी शंभर पावलं गेलं असतं तर तो तिच्या शेजारी उभा राहिला असता. पण त्याच्यात होतं नव्हतं तेवढं धैर्य कालच खर्चून गेलं होतं.